निरोपाची डबी

चैत्रातल्या पहाटा सोनवेळच्या उतरणीवर सुरंगीच्या मालकीच्या असतात. जुनाट, काळसर, खरबरीत फांद्यांच्या अंगाला बिलगून शुभ्र पाकळ्यांचे आणि पीत केसरांचे घोस लगडलेले असतात, आणि दवार्द्र, निळसर, अर्धनिद्रित प्रकाशात त्यांचा गंध हलकेच खाली निघतो. माडांच्या बागांतून वाहतो. विहिरीच्या काठावर क्षणभर रेंगाळतो. मग दारं उघडी असोत की लावलेली, तो घराघरांत शिरतो. कुणाची परवानगी मागत नाही.

त्याची पहिली वर्दी लागे ती सत्यभामा गावडे हिच्या नाकाला. सारी वाडी तिला भामाकाकी म्हणे, आणि देवाने तिचं नाक सवडीने घडवलं असंही म्हणे. डोळे मिटून चिमूटभर मसाला हुंगला की लवंग कुठे जास्त झाली, दगडफूल कुठे कमी पडलं, मिरी यंदाची की गेल्या सालातली, हे ती सांगून टाकी. शेजारच्या घरात तेल कधी तापलं आणि मोहरी कधी करपली हेही तिला आपल्या चुलीपाशी बसल्या बसल्या कळे. करपल्याचं ती मोठ्याने सांगे. त्यामुळे शेजारणींचं तिच्यावर प्रेम होतं, पण बेताचं.

चैत्र हा तिच्या राज्याभिषेकाचा महिना. अंगणात मिरच्या वाळत, लोखंडी कढईखाली सावकाश जाळ पेटे, आणि एकेक सुगंधी द्रव्य अग्नीच्या स्वाधीन होई. कृष्णवर्ण मिरी, ताम्रवर्ण दालचिनी, रक्तजाळीदार जायपत्री, नक्षत्राकार बाद्यान. भामाकाकीचं एक ब्रीद होतं आणि ते तिने कुणालाही न विचारता सांगितलं असतं. ज्याला अग्नी लागला नाही त्याला वास नाही. आई तसं सांगत आली, आजी तसं सांगत आली, आणि वाडीतल्या कुठल्याही जेवणावळीने ते आजवर खोटं ठरवलं नव्हतं.

नवरा जाऊन वर्षं लोटली होती. एकुलता मुलगा सिद्धेश मालवाहू बोटीवर इंजिनाच्या धगीत काम करी, आणि वर्षातले थोडेच महिने घरी असे. अशाच एका खेपेला तो पूर्वसमुद्रापलीकडून बायको घेऊन आला. तिचं नाव मालीवन. चन्थबुरी, म्हणजे चंद्रपुरी, अशा चांदण्या नावाच्या गावची ती मुलगी, आणि तिच्या स्वतःच्या नावात मोगऱ्याची वेल होती. वाडीने दोन दिवसांत तिची माली करून टाकली.

माली ठेंगणी, तांबूसगोरी, मितभाषी, मंदस्मिता. ती मालवणी शिकली ती सासूच्या चुलीपाशी, म्हणून तिच्या बोलण्यात आधी भांड्यांची नावं आली आणि नात्यांची मागून. प्रत्येक वाक्याचा शेवट ती सुरात वर नेई. ‘भात झालो’ असं ती म्हणाली की भामाकाकीला वाटे, ही विचारते आहे.

आणि तिची एक रीत होती. पहिल्याच दिवशी उंबऱ्यावरचं माप ओलांडून ती आत आली, पाया पडली, उभी राहिली, आणि एकदम पुढे होऊन तिने आपलं नाक सासूच्या गालाला टेकवलं. मग एक दीर्घ श्वास आत ओढला. भामाकाकी दचकून दोन पावलं मागे सरली. सिद्धेश हसत म्हणाला, “आये, त्यांच्यात माया अशी करतत. हुंगान.” मुका देणं ठाऊक होतं, मुका हुंगून घेणं ही भानगड नवी होती. त्यानंतर मालीने ते पुन्हा केलं नाही. भामाकाकीनेही कधी गाल पुढे केला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र माली अंगणात उभी राहिली ती राहिलीच. उतरणीवरून गंध येत होता. “सारफी,” ती म्हणाली, आणि बोटाने डोंगराकडे दाखवू लागली. तिच्या गावी एक फूल असतं; रूप तेच, केसर तोच, गंध तोच. सुरंगीची सख्खी नसेल, तर चुलत बहीण असेल. समुद्रापलीकडच्या त्या मुलीच्या चेहऱ्यावर तेव्हा जी ओळख उमटली, ती भामाकाकीच्या ध्यानात राहिली.

यंदाच्या चैत्रात, मिरच्या नुकत्या वाळत घातल्या होत्या तेव्हा, फोन आला. मालीची आई गेली. बुप्पा तिचं नाव, आणि बुप्पा म्हणजे फूल. मालीने फोन खाली ठेवला, पदराला हात पुसले, आणि निवडायला घेतलेले तांदूळ निवडून संपवले. तिकीट मिळून ती पोचेपर्यंत तिकडे चिता विझून जाणार होती. सिद्धेश कुठल्याशा महासागराच्या मध्यावर होता. मुलगी रडली नाही. भामाकाकीला त्या न रडण्याची धास्ती वाटली.

एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मग संध्याकाळी, दीपकाळी, देव्हाऱ्यासमोर बसलेली माली बोलू लागली. सुरावर सूर चढवत, शब्द सापडेना तिथे हातांनी आकार करत, ती आपल्या आईविषयी बोलली.

त्यांच्या देशात मयताला आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत. काहीतरी लहानसं, रोजच्या कामाचं, त्याच्या हातावर ठेवतात आणि वर गेलेल्या माणसाचं नाव बांधतात. घेणाऱ्याने ते घरी नेऊन वापरलं की त्याचं पुण्य गेलेल्याला पोचतं. आणि चन्थबुरीजवळच्या त्यांच्या गावात ते लहानसं म्हणजे हुंगायच्या औषधाची डबी. काचेची, मुठीत मावणारी. आत ठेचलेली सुगंधी द्रव्यं, वाळलेली फुलं, कापूर. चक्कर आली, डोकं जड झालं, उन्हाचा ताप झाला की झाकण उघडायचं आणि नाकाशी धरायचं. बुप्पा आयुष्यभर त्याच डब्या भरत आली. गावात कुणाचंही कुणी गेलं की लोक तिच्या ओसरीवर येत.

“सगळ्यांका आयेन डबी भरल्यान,” माली म्हणाली. “आयेक कोण भरतला?”

तिचा सूर शेवटी वर गेला होता. या वेळी तो खरोखरच प्रश्न होता, आणि भामाकाकीने त्याचं उत्तर तिथल्या तिथे दिलं. “आपण भरूया.”

मग मालीने पेटीतून एक पुडी काढली. मऊ, फिकट, धुऊन धुऊन विरलेल्या कापडाची. सिद्धेशबरोबर मागच्या खेपेला बुप्पाने ती लेकीसाठी धाडली होती. त्यात पाच फुलं होती, एकत्र वाळवलेली, चुरगळून तपकिरी झालेली; मोगरा, बकुळ, नागकेशर, सारफी आणि कमळाचे केसर. बुप्पाच्या हाताने सावलीत पसरलेली. बुप्पाच्या हाताने उलटलेली. बुप्पाच्या हाताने बांधलेली. मालीने ती उघडली नाही. नुसती नाकाशी नेली आणि परत खाली ठेवली.

पुढचे दिवस घर सुगंधाच्या कामाला लागलं. भामाकाकीच्या परसात मिरीचे वेल आंब्यावर चढलेले होते, जायफळाचं झाड होतं, दालचिनी होती; चन्थबुरीत जे होतं त्यातलं बहुतेक सोनवेळमध्येही होतं. त्यांच्याकडच्या खरबरीत लिंबाची साल मात्र मिळेना. मग ईडलिंबाची साल सुरीने पातळ सोलून सुपात वाळत पडली. मालीचे हात काम करत आणि भामाकाकी बघत राही. ते हात घाई करत नसत. वेलची सोलताना तिचा एक दाणा खाली पडत नसे. लवंगेची टोपी ती नखाने अशी अलगद दाबून बघे की भामाकाकी मनात म्हणे, पोरीच्या आईने हिला नुसतं वाढवलेलं नाही, शिकवलेलं आहे.

अशा वेळी शेजारची तारामती आली. तिच्या मोहरीचा उद्धार भामाकाकीने आजवर पुष्कळदा केलेला, पण दुःखाच्या घरी यायचं ते ती आली. डब्यांचं ऐकून तिने मालीकडे एकवार पाहिलं आणि भामाकाकीला परसात नेलं.

“मयताच्या नावाची वस्तू कोण घराक न्हेतला गो?” ती म्हणाली. “तुज्या तोंडार घेतले, नि सांजेक वहाळात टाकतले.”

तारामती खोटं बोलत नव्हती. सोनवेळमध्ये मयताला जातात ते रिकाम्या हाताने आणि परततात ते रिकाम्या हाताने. त्या घरातून काडीदेखील उचलत नाहीत. लेकीला आईचं सुतक थोडकं, सासरला तर तेही नाही, हे शास्त्र सगळ्यांना ठाऊक होतं. पण शास्त्र ओसरीवर बसतं आणि भीती माजघरात. बुप्पाच्या नावाच्या डब्या वहाळाच्या पाण्यातून समुद्राकडे वाहत जाताना भामाकाकीला डोळ्यांसमोर दिसल्या, आणि मालीला हे सांगायचा तिला धीर झाला नाही.

सांगणं जमेना, तेव्हा तिने ठरवलं की डबीच अशी करायची की हुंगल्यावर कुणाला टाकवणार नाही. वास असा दरवळला पाहिजे की भीतीनेही क्षणभर मान वळवावी. आणि वास कसा दरवळतो हे जगात कुणाला ठाऊक असेल तर ते भामाकाकीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माली कापूर आणि पुदिन्याचं फूल, म्हणजे पुदिन्याच्या अर्काचे थंड खडे, आणायला बाजारात गेली. सुपांत सगळं मांडलेलं होतं. भामाकाकीने चूल पेटवली. लोखंडी कढई ठेवली. बोटभर तेल फिरवलं. मिरी टाकली, लवंग टाकली, दालचिनी, बाद्यान, जायपत्री. आणि जाळ मंद ठेवून, उलथनं सतत हलवत, आयुष्यभराच्या सगळ्या कौशल्याने ती भाजत राहिली. शेवटी तिने ती पुडी सोडली. हुंगली. नागकेशराचा वास आधी आला, आणि नागकेशर तर तिच्याही मसाल्यात पडे. उरलेली फुलं नाजूक होती, म्हणून ती तिने कढई उतरवल्यावर, नुसत्या तापल्या लोखंडावर, अगदी हलक्या हाताने परतली. घर भरून गेलं. अंगण भरून गेलं. तिला वाटलं, आपल्या हाताला आज यश आहे.

माली दारात आली आणि तिथेच थांबली.

तिने पिशवी खाली ठेवली. चुलीपाशी येऊन कढईत वाकून पाहिलं. भाजलेल्या द्रव्यांवर काळपट तेलाची चकाकी होती, आणि फुलं कुठली आणि जायपत्री कुठली ते आता ओळखू येत नव्हतं. तिने विरलेलं कापड उचललं. ते रिकामं होतं. तिने त्याची घडी घातली, पुन्हा घातली, आणखी एकदा घातली.

“आये,” ती म्हणाली, “वास गेलो.”

सूर वर गेला नाही. तिने पहिल्यांदाच एखादं वाक्य सपाट संपवलं होतं. तेव्हा भामाकाकीला कळलं. काही गंध अग्नीने जागे होतात आणि काही अग्नीने मरतात. सावलीत वाळलेल्या फुलाचा प्राण त्याच्या कोरड्या देहात लपलेला असतो; त्याला हाक मारायची असते, चटका द्यायचा नसतो. मालीच्या आईच्या हाताची शेवटची वस्तू तिने आपल्या हाताने, मायेने, नीट भाजून टाकली होती.

माली रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने कढईतलं सगळं एका बरणीत काढलं, झाकण लावलं, आणि फळीवर मागे ठेवून दिलं. दुपारी ती जेवली, संध्याकाळी दिवा लावला. त्या दिवशी भामाकाकीला भाताचा वास आला नाही, आमटीचा आला नाही, उदबत्तीचाही आला नाही. देवाने सवडीने घडवलेलं नाक तिच्या तोंडावर नुसतं होतं.

पहाटे तिला जाग आणली ती सुरंगीने. अंथरुणात उठून बसत तिने तो गंध आत ओढला, आणि ‘सारफी’ म्हणत डोंगराकडे बोट दाखवणारी माली तिला आठवली. ती उठली. टोपली घेतली. उतरणीच्या वाटेला लागली.

उतरणीवर चंद्री होती. सुरंगीच्या कळ्या उमलायच्या आत उतरवायच्या, गजरे ओवायचे आणि उन्हं चढायच्या आधी बाजार गाठायचा, हा चंद्रीच्या घराचा पिढीजात धंदा. झाडावर चढलेली ती खाली बघून म्हणाली, “काकी, तू? हयसर?” भामाकाकीने मान वर करून, फांदीवरच्या बाईला, सगळी हकिगत सांगितली. तिला लपवता आलं असतं. पण लपवून फुलं मागणं तिच्या जिवावर आलं. चंद्रीने हाताशी असलेली फांदी जवळ ओढली. मग वरून पीतकेसर वर्षाव सुरू झाला, आणि टोपली निम्मी भरल्यावरच थांबला. पैशाचं नाव काढल्यावर तिने वरूनच दटावलं.

नागकेशर देवळामागे मिळालं, गुरवाच्या बायकोने हकिगत ऐकत ऐकत वेचून दिलं. मोगरा घरचाच होता. कमळांसाठी भामाकाकी स्वतः तळ्यात उतरली. लुगडं गुडघ्यावर खोचून, चिखलात पाय रोवत, एरवी पायरीवरून पाणी भरतानाही ‘जपान गो’ म्हणणारी ती प्रौढा पाण्यात पुढे पुढे गेली. काठावर कपडे धुणाऱ्या बायकांनी धुणं थांबवलं. त्यांनाही हकिगत कळली. मग दोघीतिघी पाण्यात उतरल्या, कारण ती एकटी बुडाली असती तर पाप त्यांना लागलं असतं. असं निदान त्या नंतर सांगत.

उरली बकुळ. सोनवेळमध्ये तिला ओवळ म्हणतात, आणि वाडीतली ओवळ एकच. ती तारामतीच्या अंगणात होती.

भामाकाकी तिच्या बेड्यापाशी, कुंपणाच्या फाटकापाशी, उभी राहिली. पायांना तळ्याचा चिखल होता. आजवर या बेड्यातून तिने मोहरीवर, तेलावर, लसणीवर मतं दिली होती. मागितलं काही नव्हतं.

“तारे,” ती म्हणाली, “माजी चूक झाली. चेडवाच्या आवशीची फुलां मी भाजून टाकलंय. तुजी ओवळां दी.”

“भाजलंस?” तारामतीने हातातला केरसुणीचा फटकारा थांबवला. “फुलां? तुजा नाक खय गेल्ला तेव्हा?”

भामाकाकीची मान खाली गेली. आणि ती खाली गेलेली मान पाहून तारामतीचं उरलेलं बोलणं ओठांवरच राहिलं. तिने केरसुणी भिंतीला टेकवली, पदर पसरला, आणि झाडाखाली वाकली. दोघी मिळून वेचत राहिल्या. चांदणीएवढी, वाटोळी, कातरकडांची ती फुलं मातीतून एकेक उचलताना दोघींपैकी कुणीच मोहरीचा विषय काढला नाही.

टोपली मालीसमोर ठेवली तेव्हा ती बघतच राहिली. तिने सुरंगी उचलली, नाकाशी धरली. बकुळ उचलली. पाचही फुलं तिने ओळखीच्या माणसांना भेटावं तशी एकामागून एक भेटून घेतली. मग ती उठली, आणि माळ्यावरची मोठी सुपं खाली काढून घेऊ लागली.

आता भामाकाकी शिकत होती. ऊन दाखवायचं नाही. वारा लागू द्यायचा, पण जोराचा नाही. फुलं एकमेकांवर चढू द्यायची नाहीत. सकाळ-संध्याकाळ उलटायची ती बोटांच्या टोकांनी, आणि उलटताना बोलायचं नाही. हे शेवटचं शास्त्र की मालीच्या आईची खोड, ते मालीलाही माहीत नव्हतं. म्हणून दोघी गप्प बसून फुलं उलटत. पाकळ्या म्लान झाल्या, पिंगट झाल्या, कागदी झाल्या. गंध मात्र आत आत जात राहिला, गाढ होत राहिला. भामाकाकीचं नाक हळूहळू परत येऊ लागलं.

फुलं वाळल्यावर मालीने नवी मिरी, नवी लवंग, नवी दालचिनी खलात घेतली, आणि ठेचली. भुकटी नको, जेमतेम फुटलं पाहिजे, जखम झाली पाहिजे, तुकडा राहिला पाहिजे. भामाकाकीच्या मनगटाला कुटायची सवय. तिचा घाव जड पडे. माली तिच्या मनगटावर आपला हात ठेवी आणि घाव हलका करी. सुनेने सासूचा हात धरून शिकवावं हे तारामतीने बेड्यातून पाहिलं, आणि नवलाने तिची मोहरी पुन्हा करपली.

मग ती घटका आली. मालीने एका कोरड्या काचेच्या बरणीत साधा कापूर घातला, भीमसेनी कापूर घातला, पुदिन्याचं फूल घातलं. तीन स्फटिक. तिन्ही शुभ्र, तिन्ही कोरडे, तिन्ही कठीण. झाकण लावून ती बरणी ती हलवू लागली. खळखळ झाली, मग सळसळ झाली, मग आवाज ओला झाला. भामाकाकी पुढे सरकली. कडा विरघळत होत्या. स्फटिक स्फटिकाला भेटत होता आणि पाणी होत होता. चूल विझलेली होती. घागर कोपऱ्यात होती. अग्नीवाचून, जलावाचून, नुसत्या एकमेकांच्या सहवासाने तीन कोरडी कठीण द्रव्यं आसवासारखी निर्मळ होऊन बरणीच्या तळाशी डुलू लागली. भामाकाकीने आयुष्यात पुष्कळ कढया उतरवल्या होत्या. असं काही पाहिलं नव्हतं.

“तुजी आवस मोठी बाय होती गो,” ती म्हणाली. मालीने मान हलवली.

तो अर्क ठेचलेल्या द्रव्यांवर, फुलांवर थेंब थेंब पडला. डब्या भरल्या. काही दिवस त्या काळोखात, झाकणबंद, एकमेकांत मुरत राहिल्या. मालीने प्रत्येक डबीच्या गळ्याशी पांढरा दोरा बांधला आणि चिठ्ठीवर आपल्या वळणदार लिपीत, खाली सिद्धेशने पुढच्या बंदरातून फोनवर सांगितलं तसं मराठीत, एकच शब्द लिहिला. बुप्पा.

आणि बोलावलेल्या दुपारी बायका आल्या. मालीने पांढरी साडी नेसली होती. ओसरीवर पाटावर डब्या मांडल्या होत्या, उन्हाचा कवडसा काचांवर पडत होता, आणि समोर तळ्यावरच्या बायका, गुरवाची बायको, चंद्री, तारामती, अशा सगळ्या अंग चोरून बसल्या होत्या. कुणाचा हात पुढे होईना. डोळे डब्यांवरून चिठ्ठ्यांवर जात आणि जमिनीकडे वळत. माली हात जोडून उभी होती. तिने कुणाला आग्रह केला नाही. भामाकाकीला वहाळाचं पाणी ऐकू येऊ लागलं.

मग चंद्री खाकरली.

“हयात माजी सुरंगी आसा मगे?” तिने विचारलं. “बघूया तरी.”

तिने एक डबी उचलली, झाकण फिरवलं आणि नाकाशी धरली. आधी कापराचा थंड झटका बसला आणि तिचे डोळे पाणावले. मग ती थांबली, पुन्हा हुंगू लागली, आत काहीतरी शोधू लागली. सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या. “गावली,” ती म्हणाली, आणि डबी कनवटीला लावली.

मग गुरवाच्या बायकोला आपलं नागकेशर बघायचं होतं. तळ्यावरच्या बायकांना आपली कमळं बघायची होती. चिखलात उतरलेल्यांचा तेवढा हक्कच होता. ओसरीवर झाकणं फिरू लागली, श्वास आत जाऊ लागले, आणि परक्या मुलखातल्या, कधी न पाहिलेल्या बाईच्या नावाची चिठ्ठी एकेक कनवटीला, एकेक चोळीत, एकेक पदराच्या गाठीत जाऊ लागली. स्वतःच्या अंगणातलं फूल वहाळात कोण टाकतं? तारामती सगळ्यांत शेवटी उठली. तिने डबी घेतली, हुंगली, आणि उगीच कडक आवाजात म्हणाली, “माजी ओवळां सगळ्यात वर लागतत.” मग मालीच्या डोक्यावरून हात फिरवून ती घरी गेली. डबी तिच्या मुठीत होती.

पाट रिकामा झाला. उन्हं माडांच्या शेंड्यांवर गेली. भामाकाकी ओसरीच्या कडेला बसली होती, सुखावलेली, थकलेली, आणि आत कुठेतरी एका जागी तशीच पोळलेली. पाट भरला होता, रिकामा झाला होता. पण त्यातल्या एकाही डबीत बुप्पाच्या हाताचं फूल नव्हतं.

माली आतून आली. तिच्या हातात आणखी एक डबी होती, तसाच पांढरा दोरा बांधलेली. आतलं काळपट होतं.

“आये, ही तुजी,” ती म्हणाली.

भामाकाकीने ओळखलं. कढईतलं होतं ते. कापराचा थेंबही न घालता, जसंच्या तसं भरलेलं. तिला वाटलं, ही शिक्षा आहे, आणि ती तिने घेतली. झाकण उघडलं. भाजलेल्या लवंगेचा वास तोंडावर आला, तिच्या स्वतःच्या चुलीचा, स्वतःच्या चुकीचा वास. तिने डोळे मिटले आणि नाक आणखी खाली नेलं. मसाल्याच्या तळाशी जायची त्या नाकाला जन्माची सवय होती. लवंगेखाली दालचिनी होती. दालचिनीखाली जायपत्रीचा कडसरपणा होता. त्याखाली तेल, लोखंड, धूर. आणि धुराच्याही खाली, अगदी खाली, तंतूएवढा बारीक, एक मोगरा होता.

तिने श्वास रोखला. पुन्हा हुंगलं. होता.

“आसा,” ती म्हणाली. “चेडवा, आसा हयसर. जळाक नाय.”

माली खाली बसली. डबी नाकाशी धरली, आणि मान हलवली. तिला चुलीशिवाय काही लागेना.

“घाई करू नको,” भामाकाकी म्हणाली. तिने सुनेच्या मनगटावर आपला हात ठेवला. “आधी लवंग येतली, तिका जावंदे. मगे जायपत्री येतली, तिका जावंदे. मगे धूर. तेच्या मागसून जा. आता गप ऱ्हव.”

डोळे मिटून, खूप दूर चालत गेल्यासारखी माली बसून राहिली. आणि मग तिचा श्वास एका जागी अडला. ओठ हलले. तिच्या भाषेतला एक शब्द निघाला, लहानसा, आणि तो कुठला हे भामाकाकीला कुणी सांगावं लागलं नाही. फोन आल्या दिवसापासून अडून राहिलेलं पाणी मालीच्या डोळ्यांतून वाहू लागलं.

तेव्हा ती प्रौढ, मानी, तीक्ष्णनासिका स्त्री पुढे वाकली. तिने आपलं नाक सुनेच्या ओल्या गालाला टेकवलं आणि एक दीर्घ श्वास आत घेतला. खारट पाणी होतं, कापूर होता, बकुळ होती. उतरणीवरून सांजवारा सुटला होता. बेडं लावलेलं होतं, दार लोटलेलं होतं, आणि आठवणीएवढी हलकी सुरंगी कुणाची परवानगी न मागता आत येत होती, येत होती, येत होती.